निष्कर्ष बरा, पुरावा कच्चा
'द चायना स्टडी' या पुस्तकाची एक तपासणी

आहारावरची पुस्तके सहसा दोन-चार वर्षांत विस्मरणात जातात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे पोषणशास्त्रज्ञ टी. कॉलिन कॅम्पबेल यांनी आपला मुलगा थॉमस याच्यासह लिहिलेले 'द चायना स्टडी' हे पुस्तक मात्र याला अपवाद ठरले आहे. ते २००५ साली प्रसिद्ध झाले. आजही ते वाचले जाते आणि आहारावरील व्याख्यानांतून त्याचे दाखले दिले जातात. पुस्तकाचा दावा थोडक्यात असा : मांस, मासे, अंडी, दूध या प्राणिज पदार्थांतील प्रथिने कर्करोग, हृदयविकार, मधुमेह यांसारख्या रोगांना खतपाणी घालतात, धान्ये, कडधान्ये, भाज्या व फळे यांचा, फारशी प्रक्रिया न केलेला आहार या रोगांना आळा घालतो. म्हणून प्राणिज पदार्थ नुसते कमी न करता शक्यतो पूर्णपणे वगळावेत.

शिक्षकांनी या पुस्तकाकडे लक्ष द्यावे याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे शालेय पोषण आहार. या आहारात अंडे असावे की नसावे, हा वाद आपल्याकडे वारंवार उद्भवतो. महाराष्ट्रात २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे देण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा शासकीय निधी थांबवण्यात आला. अशा वादांत श्रद्धा, सवय आणि खर्च यांच्या जोडीला 'विज्ञानानेच सिद्ध केले आहे' असेही एक वाक्य ऐकू येते. ते कितपत खरे आहे हे ज्याच्या हातात खिचडीचा डाव आहे त्याला ठाऊक असायला हवे. दुसरे कारण असे की, पुरावा म्हणजे काय हे शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण सहसा मिळत नाही. पुस्तकाचा निष्कर्ष बऱ्याच अंशी चांगला आहे, पण तो ज्या पायावर उभा केला आहे तो पाया कच्चा आहे. चुकीचा निष्कर्ष तपासायला सगळेच तयार असतात. आवडता निष्कर्ष तपासणे अवघड असते.

हैदराबादचे उंदीर

या कथेची सुरुवात चीनमध्ये नव्हे, तर भारतात होते. १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीवर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली होती आणि तिने तयार केलेले विष यकृताचा नाश करत होते. या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. ते यकृताच्या कर्करोगासही कारणीभूत ठरते, हे लवकरच कळले.

भुईमूग हे आपले महत्त्वाचे पीक, त्यामुळे हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत (आजची राष्ट्रीय पोषण संस्था) या विषयावर काम सुरू झाले. १९६८ मध्ये माधवन आणि गोपालन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांच्या दोन गटांना अफ्लाटॉक्सिन दिले. एका गटाच्या आहारात केसीन हे दुधातील प्रथिन २० टक्के होते, दुसऱ्याच्या आहारात ५ टक्के. भरपूर प्रथिने मिळालेल्या उंदरांपैकी अनेकांना यकृताचा कर्करोग झाला. कमी प्रथिने मिळालेल्यांना तो झाला नाही. फिलिपिन्समध्ये कुपोषित मुलांसाठी काम करत असताना कॅम्पबेल यांच्या वाचनात हा निबंध आला. आपल्या पुढच्या संशोधनाला दिशा त्यानेच दिली, असे ते पुस्तकात सांगतात.

इथे वाचकाने एक प्रश्न विचारायला हवा : कमी प्रथिने मिळालेल्या उंदरांचे पुढे काय झाले? कर्करोग झाला नाही हे खरे, पण त्यातले बरेच उंदीर लवकर मेले. याच दोन संशोधकांनी १९६५ मध्ये दाखवले होते की, प्रथिनांचा तुटवडा असलेल्या कोवळ्या उंदरांच्या यकृताला हे विष अधिक इजा करते. म्हणजे हैदराबादच्या कामाची बेरीज 'कमी प्रथिने बरी' अशी होत नाही. प्रथिने कमी पडली तर विष लवकर मारते; प्रथिने भरपूर असली तर प्राणी जगतो आणि विषाने बिघडवलेल्या पेशींनाही वाढायला वेळ आणि सामग्री मिळते, अशी ती होते. पुस्तकातून सामान्य वाचकाच्या लक्षात राहते ते या बेरजेचे अर्धेच.

कॅम्पबेल यांच्या बाजूने हेही सांगितले पाहिजे की, त्यांच्या प्रयोगशाळेने पुढे अधिक नीटनेटके प्रयोग केले. काही प्रयोगांत विष देण्याच्या काळात सर्व उंदरांना पुरेशी प्रथिने दिली आणि त्यानंतर आहार बदलला. त्यातही कमी प्रथिनांच्या गटात यकृतातील कर्करोगपूर्व पेशींचे पुंजके कमी आढळले. प्रयोग म्हणून हे काम चांगले आहे. पण माणसाच्या बाबतीत विष आणि अन्न असे वेगवेगळ्या पाळ्यांत येत नाही. बुरशी लागलेला मका खाणारे कुटुंब तोच मका रोज खाते. १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांत अवकाळी पावसाने भिजलेला मका खाऊन ३९७ लोक आजारी पडले आणि १०६ दगावले. त्यात बहुसंख्य आदिवासी होते. अफ्लाटॉक्सिनपासून संरक्षण हवे असेल तर धान्य कोरडे ठेवणे हा उपाय आहे. मुलांची प्रथिने कमी करणे हा नव्हे.

गव्हाला लायसिनची जोड

पुस्तकातील सर्वांत वजनदार दावा असा की दोष प्राणिज प्रथिनांत आहे, वनस्पतिज प्रथिनांत नाही. याला आधार काय? वीस टक्के केसीनऐवजी वीस टक्के ग्लुटेन, म्हणजे गव्हातील प्रथिन दिले, तर उंदरांमध्ये पुंजके वाढले नाहीत.

हा निकाल खराच आहे. पण त्याचा अर्थ लावताना प्रथिनांची घडण लक्षात घ्यावी लागते. प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात आणि त्यांतील काही अमिनो आम्ले शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच मिळावी लागतात. गव्हाच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल फार कमी असते. एक जरी आवश्यक अमिनो आम्ल अपुरे पडले तरी बाकीची शरीरबांधणीला पूर्णपणे वापरता येत नाहीत. विटा भरपूर आणि सिमेंट संपलेले, अशी ती अवस्था असते. तेव्हा प्रश्न असा की, ग्लुटेनवरच्या उंदरांना संरक्षण मिळाले ते प्रथिन वनस्पतिज होते म्हणून, की ते अपुरे होते म्हणून?

या प्रश्नाचे उत्तर १९८९ मध्ये कॅम्पबेल यांच्याच प्रयोगशाळेने दिले आहे. ग्लुटेनमध्ये लायसिनची भर घातल्यावर पुंजके केसीनइतकेच वाढले. ग्लुटेन तर वनस्पतिजच राहिले होते. भर पडली ती फक्त अपुऱ्या अमिनो आम्लाची. म्हणजे फरक प्राणिज-वनस्पतिज असा नव्हता. पूर्ण प्रथिन आणि अपूर्ण प्रथिन असा तो होता.

आता आपल्या स्वयंपाकघरात या. गव्हात लायसिन कमी, डाळींत ते भरपूर. डाळींत गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी, धान्यांत ती तुलनेने अधिक. पोळी-आमटी, वरण-भात, खिचडी, भाकरी-पिठले या जोड्या एकमेकींची उणीव भरून काढतात आणि मिळून चांगल्या प्रतीचे प्रथिन देतात. कॅम्पबेल यांचे तर्कशास्त्र काटेकोरपणे लावले तर वरण-भातही संशयाच्या घेऱ्यात येईल. तसे ते म्हणत नाहीत, आणि म्हणू नयेच. पण मग केसीनवर ठेवलेला आरोपही त्या स्वरूपात टिकत नाही.

याच उंदरांनी आणखी एक गोष्ट दाखवली होती. आहारातील प्रथिने सुमारे १० टक्क्यांपर्यंत असताना पुंजके फारसे वाढत नव्हते. वाढ त्यापुढे सुरू होत होती. आता शालेय पोषण आहाराचा हिशोब करू. प्राथमिक वर्गांसाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, एकूण ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरलेले आहे. एक ग्रॅम प्रथिनापासून ४ कॅलरी मिळतात, म्हणून ४८ कॅलरी प्रथिनांच्या. म्हणजे पावणेअकरा टक्क्यांच्या आसपास. यात आठवड्याला एक अंडे मिळवले तर साधारण ६ ग्रॅम प्रथिने, म्हणजे २४ कॅलरी वाढतात. दहा वर्षांच्या मुलाचा आठवड्याचा एकूण आहार १४,००० कॅलरींच्या घरात धरला, तर ही भर ०.२ टक्क्यांहूनही कमी. उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू पडतात असे क्षणभर मानले, तरी एवढ्याशा फरकाने कर्करोगाचे भय दाखवणे हे गणितात बसत नाही.

पासष्ट काउंट्या, आठ हजार संबंध

ज्या पाहणीवरून पुस्तकाला नाव मिळाले ती खरोखर भव्य होती. चीनमध्ये १९७३ ते १९७५ या काळातील मृत्यूंची कारणे देशभर नोंदवली गेली. सुमारे ८८ कोटी लोक त्या नोंदणीच्या कक्षेत होते. तिच्यावरून कर्करोगाचे नकाशे तयार झाले. त्यानंतर १९८३-८४ मध्ये चेन जुन्शी, कॅम्पबेल, ली जुन्याओ आणि ऑक्सफर्डचे रिचर्ड पेटो यांच्या गटाने ६५ काउंट्या निवडल्या. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखा प्रशासकीय विभाग. तेथील ६,५०० प्रौढांचे आहार, रक्त, लघवी आणि राहणीमान तपासले आणि ३६७ चल मोजले. या आकडेवारीतून ८,००० हून अधिक 'सांख्यिकीय दृष्ट्या अर्थपूर्ण' संबंध मिळाले, असे पुस्तक अभिमानाने सांगते.

हा आकडा वर्गात फळ्यावर मांडण्यासारखा आहे. ३६७ चलांच्या एकूण जोड्या किती? ३६७ गुणिले ३६६ भागिले २, म्हणजे ६७,१६१. 'अर्थपूर्ण' याचा रूढ निकष असा की, तसा संबंध निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता शंभरात पाचांहून कमी असावी. मग मुळात कशाचाच कशाशी संबंध नसता, तरी केवळ योगायोगाने या निकषात सुमारे ३,३५८ जोड्या बसल्या असत्या. चल एकमेकांत गुंतलेले असल्याने हा हिशोब ढोबळ आहे, पण मुद्दा स्पष्ट व्हावा. संबंधांची मोठी संख्या हा पुराव्याच्या बळकटीचा दाखला नव्हे. आठ हजारांतून लेखकाने कोणते निवडले आणि कोणते बाजूला ठेवले, यावर सारे अवलंबून असते. २०१० नंतर अनेक टीकाकारांनी मूळ तक्ते उघडून नेमकी हीच विचारणा केली.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. या पाहणीतील तुलना माणसामाणसांतील नाही. काउंट्यांच्या सरासऱ्यांतील आहे. रक्ताचे नमुनेसुद्धा गटागटाने एकत्र मिसळून तपासले होते. समजा, आपण शाळेतील पाचवी, सातवी आणि नववी या वर्गांतील मुलांच्या पायांची सरासरी लांबी आणि त्यांना पाठ असलेल्या कवितांची सरासरी संख्या मोजली. दोन्ही आकडे एकाबरोबर एक वाढत जातील. यावरून 'पाय मोठा तर पाठांतर चांगले' असे कोणी म्हणेल का? एकाच वर्गातील मुलांची तुलना केली की हा संबंध नाहीसा होईल, कारण दोन्हींच्या मागे वय आहे. चीनमधील काउंट्यांतही तसेच होते. जिथे मांस-अंडी अधिक, तिथे सहसा पैसा अधिक, शहर जवळ, दवाखाना जवळ, कामाचे स्वरूप वेगळे. यकृताच्या कर्करोगाच्या बाबतीत तर हिपॅटायटिस-बी विषाणूचा संसर्ग हे चीनमधील मोठे कारण आहे. त्याचा उल्लेख पुस्तकातही आहे, पण कथेचा नायक म्हणून नव्हे.

तिसरी गोष्ट काळाची. मृत्यू १९७३-७५ चे आणि आहार १९८३-८४ चा. ग्रामीण चिनी माणूस जन्मभर एकाच ठिकाणी राहतो आणि तेच अन्न खातो, म्हणून हे चालते, असे लेखकाचे उत्तर आहे. ते अगदीच टाकाऊ नाही, पण कारण आधी आणि परिणाम नंतर मोजणे याची बरोबरी त्याला येत नाही.

अशा पाहणीचा खरा उपयोग कल्पना सुचण्यासाठी होतो. 'इथे खणून पाहा' असे ती सांगते. 'इथे सोने सापडले' असे म्हणण्याचा अधिकार तिला नसतो.

मग वनस्पतिज आहाराचे फायदे खोटे का?

मुळीच नाहीत. ते अधिक चांगल्या पुराव्यांवर उभे आहेत, आणि तो पुरावा प्रथिनांविषयीचा नसून आहाराच्या एकूण ठेवणीविषयीचा आहे.

२०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये रेनल्ड्स आणि सहकाऱ्यांनी तंतुमय पदार्थांवरील १८५ दीर्घकालीन पाहण्या आणि ५८ प्रत्यक्ष चाचण्या एकत्र करून तपासल्या. भरपूर तंतू खाणाऱ्यांत, अगदी कमी खाणाऱ्यांच्या तुलनेने, एकूण मृत्यू, हृदयविकार, मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण १५ ते ३० टक्क्यांनी कमी होते. दिवसाला २५ ते २९ ग्रॅम तंतू घेण्याने बराचसा फायदा पदरात पडतो. तंतू फक्त वनस्पतिज अन्नात असतात : कोंडा न काढलेली धान्ये, सालासकट कडधान्ये, भाज्या, फळे. इथे माणसामाणसांची तुलना आहे, कारण आधी आणि परिणाम नंतर मोजलेला आहे, आणि चाचण्यांत वजन, रक्तदाब व कोलेस्टेरॉल प्रत्यक्ष उतरलेले दिसले आहेत.

त्याच वर्षी इंग्लंडमधील 'एपिक-ऑक्सफर्ड' पाहणीचे निष्कर्ष आले. ४८,१८८ माणसांचा सरासरी १८ वर्षे मागोवा घेतला होता. मांसाहारी लोकांच्या तुलनेत शाकाहारी लोकांत हृदयविकार २२ टक्क्यांनी कमी, पण पक्षाघात २० टक्क्यांनी अधिक आढळला. टक्केवारी फसवू शकते, म्हणून प्रत्यक्ष संख्या पाहू : दर हजार माणसांमागे दहा वर्षांत हृदयविकाराचे १० रुग्ण कमी आणि पक्षाघाताचे ३ रुग्ण जास्त. एकंदर फायदाच, पण निर्भेळ नाही. खरे विज्ञान बहुधा असेच दिसते. ज्या पुस्तकात एकही उलटा आकडा भेटत नाही, त्या पुस्तकाविषयी सावध असावे.

आपल्या ताटात काय आहे?

कॅम्पबेल यांचा वाचक अमेरिकन आहे. त्याच्या ताटात मांस फार आणि तंतू फार कमी. पुस्तकातील आकड्यांनुसार अमेरिकन माणूस दिवसाला सुमारे १२ ग्रॅम तंतू खात होता, तर ग्रामीण चिनी माणूस ३३ ग्रॅम. त्या वाचकाला 'वनस्पतिज खा' हा सल्ला हितकारकच आहे. आपल्याकडचा प्रश्न वेगळा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारमार्गदर्शिकेप्रमाणे उष्मांकांतील धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंत असावा. प्रत्यक्षात तो ५० ते ७० टक्के आहे. डाळी, मांस, अंडी, मासे मिळून सुमारे १४ टक्के अपेक्षित असताना ६ ते ९ टक्केच आहेत. म्हणजे आपला आहार आधीच वनस्पतिज आहे, पण तो पांढऱ्या भाताचा आणि मैद्याचा वनस्पतिज आहे. साखरेचा पाक, वेफर्स आणि वनस्पती तूप हेही सारे वनस्पतिजच. 'वनस्पतिज' हा शब्द आरोग्याची हमी देत नाही.

याचा फटका कुणाला बसतो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. वनस्पतिज अन्नातील लोह शरीरात कमी शोषले जाते. सोबत लिंबू किंवा आवळा असेल तर ते वाढते, जेवणाबरोबरच्या चहाने घटते. जीवनसत्त्व ब-१२ ची गोष्ट याहून बिकट. ते फक्त सूक्ष्म जीव तयार करतात आणि आपल्याला ते मिळते दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच. पुणे आणि परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६७ टक्के पुरुषांच्या रक्तात ब-१२ कमी होते. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. पुण्याजवळच्या गावांतील गरोदर स्त्रियांच्या पाहणीतही जवळपास दोन-तृतीयांश स्त्रियांत ते कमी आढळले. ज्या मातांच्या रक्तात फोलेट जास्त आणि ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक होती. शाळेत मुलींना दर आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत लोह आणि फोलिक आम्ल असते, ब-१२ नसते, हेही लक्षात ठेवावे.

प्राणिज पदार्थांतील जवळजवळ सारी पोषकद्रव्ये वनस्पतींतून अधिक चांगली मिळतात, असे पुस्तक सांगते आणि ब-१२ साठी गोळी घेण्याची सूचना करून पुढे जाते. औषधाचे दुकान आणि रक्ततपासणी हाताशी असलेल्या माणसाला ही सूचना पुरेशी आहे. पण ज्या शाकाहारी घरात ब-१२ चा एकमेव स्रोत म्हणजे रोजचे कपभर दूध आणि दही, त्या घरातील मुलीला 'दुधातील केसीनने कर्करोग होतो' असे सांगितले आणि गोळीचे सांगायचे राहिले, तर आपण तिचे नुकसान करू. तिच्या बाबतीत हा धोका दूरचा नाही.

वर्गापुरते सांगायचे तर, मांसाहार करणाऱ्या मुलाला अपराधी वाटू नये आणि शाकाहारी मुलाला आपण दुबळे आहोत असे वाटू नये. दोघांनाही तीच यादी द्यावी : डाळ-उसळ अधिक, पालेभाजी रोज, हाताला येईल ते फळ, पॉलिश न केलेले धान्य, ज्वारी-बाजरी-नाचणी, भाजलेले शेंगदाणे (कोरडे आणि बुरशी नसलेले), आणि ब-१२ साठी दूध, दही, अंडे, मासे यांपैकी घरी चालेल ते, काहीच चालत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी. या यादीतील बहुतेक पदार्थ कॅम्पबेल यांनाही मान्य होतील. मतभेद आहे तो त्या यादीपर्यंत पोचण्याच्या वाटेविषयी. गणिताच्या वहीत उत्तर बरोबर आणि रीत चुकीची असेल तर आपण पूर्ण गुण देत नाही. तोच नियम या पुस्तकालाही लावावा, आणि रीत कुठे चुकली ते आठवी-नववीच्या मुलांकडून शोधून घ्यावे. ६७,१६१ हा आकडा त्यांना स्वतः काढता येतो.